गार माती

“तुम्ही इथं बसा मॅडम, ऊन छान येतंय,” असं म्हणत गार्गी मॅडमनी माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ओढली. विराजच्या गळ्यात त्यांचा एप्रन अडकवून झाला होता. दुसऱ्या एप्रनसाठी मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

“मला?” मी विचारलं.

“तुमचं सरांनी फोनवर सांगितलंय की. तुम्ही फक्त बघणार. बसा आरामात. सरांचे फोटो काढा, इथं फोटो मस्त येतात.”

मी विराजकडे बघितलं. तो एप्रनची गाठ मारण्यात इतका गुंतला होता की जणू ती गाठ सुटली तर घर बुडेल.

कोल्हापुराबाहेर पन्हाळ्याच्या वाटेवर एका जुन्या गोठ्याचा हा स्टुडिओ केला होता. चार चाकं, चार जोडपी. दारावर खडूनं लिहिलं होतं, ‘दोघांत एक चाक. या, मातीत हात घाला.’ आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली म्हणून विराजनं हे ठरवलं होतं. जुई तेव्हा चार महिन्यांची. माहेराहून सासरी येऊन मला दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत मी दवाखाना सोडून कुठंही गेले नव्हते. “दोन तास फक्त आपण दोघं,” तो म्हणाला होता. आठ दिवस मी त्या दोन तासांवर जगले. नखं वाढलेली चालत नाहीत असं त्यांनी कळवलं होतं, म्हणून आदल्या दुपारी जुईला मांडीवर घेऊन मी दहाही बोटांची नखं मुळापर्यंत कापली. एक तर रक्त येईपर्यंत.

आणि आता ती दहा बोटं मांडीवर ठेवून मी खुर्चीत बसले होते. कानाला रुमाल, अंगावर शाल, पायात सासूबाईंनी विणलेले मोहरीच्या रंगाचे लोकरी मोजे.

गार्गी मॅडम पलीकडच्या जोडप्याकडे वळल्या, तशी मी पुढे वाकले.

“काय सांगितलंस तू त्यांना?”

“अगं, काही नाही. आपलं ते... आईनं बजावलं होतं ना.”

“काय बजावलं होतं?”

“गार मातीत हात घालू द्यायचा नाही म्हणून. सहा महिने होईपर्यंत. अंगावरचं दूध आटतं म्हणे.” तो हळू आवाजात बोलत होता. “तिनं जाऊच दिलं नसतं गं. मग मी शब्द दिला.”

“कसला शब्द?”

“की हात मी घालणार. तू बघणार.”

“हात कुणाचे?”

“म्हणजे?”

“ज्यांचा शब्द दिलास ते हात कुणाचे, विराज?”

“तेजू, लोक बघतायत.”

बघत होते खरे. पलीकडच्या चाकावर एक निवृत्त काका-काकू होते. काकू कोपरापर्यंत मातीत होत्या आणि मला बघून गोड हसल्या. आजारी माणसाकडे बघून हसतात तसं.

“घरी का नाही बोललास हे?”

“घरी बोललो असतो तर तू आलीच नसतीस,” तो म्हणाला. वर पुन्हा, “तुला बाहेरची हवा मिळावी म्हणून तर केलं ना सगळं.”

हवा! हवेसाठी मी गच्चीवर गेले असते.

चाक सुरू झालं. विजेचं होतं, पायानं एक खटका दाबला की फिरायचं. विराजनं मातीचा गोळा आपटला आणि दोन्ही हातांनी असा दाबला की गोळा घसरून गार्गी मॅडमच्या पायांशी गेला. सगळे हसले.

“सर, ताकद कमी करा. माती आहे, दगड नाही.”

“काय करू मॅडम, दोन आयांचं दूध प्यालोय!”

हा आमच्या घरातला जुना विनोद. विराजच्या मोठ्या काकी, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई, कुठल्याही कार्यात तो करायच्याच. “विराज कुणाच्या दुधावर पोसलाय, विचारा की त्याला!” मग तो त्यांच्या पाया पडायचा, त्या त्याच्या पाठीत धपाटा घालायच्या आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आमच्या लग्नात झालं, जुईच्या बारशात झालं. मीही हसले होते. एकत्र कुटुंबात चालतंच, एकीचं मूल दुसरीनं पाजलं, त्यात काय.

“तेजू, काढ ना फोटो. भांडं दिसू दे. अगं, माझं तोंड नको, हात घे.”

मी हात घेतले. विराजचे हात, गार्गी मॅडमचे हात त्यांच्यावर, मधे माती. मला ती माती दिसत होती. ओली, करडी, लोण्यासारखी. चाकावर पाणी पडलं की ती अशी काही चमकायची की माझ्या तळहातांना मुंग्या यायच्या. गर्भार होते तेव्हा मला मातीचे डोहाळे लागले होते. पाटीवरची पेन्सिल चोरून खायचे. तेव्हाही एकानं हातातून काढून घेतली होती. त्यानंच.

दहा मिनिटांत मी बावीस फोटो काढले. तेविसाव्याला मागच्या बाजूनं एका बाळाच्या रडण्याचा आवाज आला.

आई झालेल्या बाईला सांगायला नको. रडणारं लेकरू कुणाचंही असो, अंगाला ते कळत नाही. पान्हा फुटला. काही कळायच्या आत कुर्त्यावर दोन ओले गोल उमटले. मी शाल घट्ट ओढली आणि उठले.

“कुठं?” विराजनं वर न बघता विचारलं.

“बाथरूमला. का, त्याचाही शब्द दिलायस?”

मागच्या दारानं बाहेर आले, तर पत्र्याच्या छपराखाली एक बाई माती तुडवत होती. माझ्याच वयाची, कदाचित एखाद-दोन वर्षांनी लहान. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, पाय पोटरीपर्यंत राडीत. बाजूला सिमेंटच्या हौदात माती भिजत घातलेली. लोखंडी पाइपाला जुन्या साडीची झोळी बांधली होती आणि झोळीतून रडणं येत होतं.

“बाथरूम डाव्या अंगाला हाय, मॅडम,” ती म्हणाली. पाय थांबले नाहीत.

“बाळ रडतंय.”

“रडू दे. एवढी तुडवून झाली की घेते. आता हात-पाय धुवायचं, तिला घ्यायचं, परत उतरायचं, तवर माती वाळती. मग मॅडम म्हणणार, गोळं कडक झाल्यात.”

“किती महिन्यांची?”

“तीन भरलं परवा. पोरगी हाय.”

मी तिच्या पायांकडे बघत राहिले. पौषातली सकाळ होती. हौदातल्या पाण्यावरून नुसता वारा आला तरी माझ्या अंगावर काटा येत होता.

“आणि तू या गार पाण्यात?”

“मग? माती काय गरम पाण्यात भिजत घालायची व्हय?” ती हसली.

“दूध नाही आटत?”

आता मात्र ती थांबली. कमरेवर हात ठेवून तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मोजे, शाल, रुमाल.

“खायला न्हाई मिळालं तर आटतंय, ताई. मातीनं कशाला आटंल? आमची सासू, आजेसासू, सगळ्यांनी पोरं चिखलातच काढली. कुंभाराच्या घरात बाळंतीण बसून ऱ्हायली तर गाडगी कोण घडवणार?” मग आवाज उतरवून म्हणाली, “तुमचं भिजलंय की हो. तुमचंबी ल्हान हाय?”

“चार महिन्यांची. घरी आहे.”

झोळीतलं रडणं आता टिपेला गेलं होतं. त्यात ती ओळखीची उचकी यायला लागली.

“तू घे तिला,” मी म्हणाले. “मी तुडवते.”

“तुमी?”

“मला येणार नाही का?”

“यायला काय, पाय तर सगळ्यास्नी असत्यात.” ती बाजूला झाली, पण लगेच वळली. माझ्या तोंडाकडे नीट बघत तिनं विचारलं, “पण तुमास्नी चालंल न्हवं? लई गार लागंल.”

“चालेल,” मी म्हणाले. आणि का कुणास ठाऊक, माझे डोळे भरून आले.

शाल झोळीच्या पाइपावर टाकली, मोजे काढले, एकात एक गुंडाळून पर्समध्ये कोंबले. सलवार गुडघ्यापर्यंत ओढली आणि उतरले.

आई गं! गार म्हणजे किती गार. टाचेतून निघालेली कळ थेट दातांत. मी ओरडले तशी ती हौदावर हात-पाय धुता धुता खदखदून हसली. “निस्तं उभं ऱ्हाऊ नका, आनकी गार लागंल. चाला! टाचंनं दाबा, बोटांनी न्हाई. कडंनं आत या, गोल गोल.”

तिचं नाव सुवर्णा. पोरीचं अजून ठेवायचं होतं. पायरीवर बसून तिनं पोरीला पदराखाली घेतलं आणि रडणं असं थांबलं, जसा कुणी नळ बंद करावा.

“खडा लागतोय का बघा पायाला,” ती म्हणाली. “लागला की वाकून काढायचा. एक खडा ऱ्हायला तर भट्टीत भांडं तडकतं. डोळ्याला दिसत न्हाई, पायाला कळतं.”

मी तुडवत राहिले. पाच मिनिटांत गारवा गेला, दहा मिनिटांत घाम आला. माती आधी पायाला चिकटत होती, मग सोडायला लागली, मग कणकेसारखी एकजीव झाली. अंगठ्याखाली एक खडा लागला. हरभऱ्याएवढा. मी वाकून काढला आणि सुवर्णाला दाखवला.

“बगा! आलं की तुमास्नी!”

दहावीच्या निकालालाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी गोल गोल फिरत होते, ती मला सांगत होती की पोरगी रात्री अजिबात झोपत नाही, मी तिला सांगत होते की माझीही नाही, आणि दोघी एकमेकींना ओव्याची धुरी, हिंगाचं पाणी असलं काय काय सांगत होतो. चार महिन्यांत कुणी माझ्याशी इतकं बोललं नव्हतं. माझ्याविषयी बोलत होते सगळे. माझ्याशी नाही.

“सुवर्णा! काय चाललंय हे?”

दारात गार्गी मॅडम होत्या. त्यांच्यामागे फळीवर एक वाकडा वाडगा घेऊन विराज. चहाची सुट्टी झाली होती बहुतेक.

सुवर्णा ताडकन उठली. पोरीच्या तोंडातून सुटलं, ती किंचाळली.

“पाहुण्यांना चिखलात उतरवलंस? आणि तू बसून राहिलीस? काम काय नेमलंय तुला?”

“चुकलं मॅडम.”

“तेजू!” विराज म्हणाला. “अगं, पाय! मॅडम, सॉरी हं, मी हिला सांगितलं होतं. हिची आपली हौस असते काहीतरी...”

आत्तापर्यंतचा राग मी गिळला होता. आवाज न करता रागावता येतं, आमच्या घरात ते शिकलेच होते मी. पण ती बाई पोरीला छातीशी धरून मान खाली घालून उभी होती आणि काही चुकलं नसताना चुकलं म्हणत होती, आणि माझा नवरा माझ्या वतीनं माफी मागत होता. मी मागितलीच नव्हती ती.

“तिला काही बोलू नका,” मी म्हणाले. “मी म्हटलं तुडवते म्हणून.”

“मॅडम, तसं नाही. आमची जबाबदारी असते. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की तुम्हाला...”

“सरांनी! पाय सरांचे आहेत का? सकाळपासून मी इथं आहे. दारावर लिहिलंय, या, मातीत हात घाला. तुम्ही मला विचारलंत, घालायचाय का? खुर्ची दिलीत. ह्यांनी विचारलं? ह्यांनी शब्द दिला. या एवढ्या जागेत एकच माणूस निघालं जिनं मला विचारलं, चालेल का म्हणून. आणि तुम्ही तिलाच रागावताय.”

फळीवरचा वाडगा हळूहळू एका बाजूला बसत चालला होता. विराज त्याच्याकडे बघत होता.

“माती झाली, मॅडम,” शेवटी सुवर्णाच म्हणाली. “चांगली तुडवलीया ताईनी. बघा हात लावून.”

गार्गी मॅडमनी बघितली. बोटानं दाबून बघितली. “ठीक आहे,” म्हणाल्या. “तिला काही नाही बोलणार.” नंतर मी सुवर्णाला विचारलं तेव्हा कळलं, खरंच बोलल्या नाहीत. पण तेव्हा त्या आत गेल्या आणि जाताना मला एप्रन विचारायचं त्यांना सुचलं नाही ते नाहीच.

स्कूटर रंकाळ्यापर्यंत आली. मग सिग्नलला विराज म्हणाला, “पाय तरी धुवायचेस.”

“नाही धुतले.”

“आई बघेल.”

“बघू दे.”

“एवढं काय झालं गं? तुझ्या चांगल्यासाठीच...”

“विराज, हे पुन्हा म्हणालास तर मी इथंच उतरेन.”

सिग्नल सुटला. चपलेत तळव्याखालची माती ओली होती, पण वरची आता वाळून ताणत होती, बोटं हलवली की भेगा पडत होत्या. मी मुद्दाम हलवत नव्हते. मला ती जशीच्या तशी घरी न्यायची होती.

सासूबाई हॉलमध्ये पाय लांब करून बसल्या होत्या आणि जुई त्यांच्या पायांवर झोपली होती. मी दारात चप्पल काढली आणि चालत आत गेले. पांढऱ्या फरशीवर दारापासून त्यांच्यापर्यंत पावलं उमटली. करडी, पाचही बोटांची. लक्ष्मीची काढतात तशी, पण चिखलाची.

त्यांनी आधी फरशी बघितली, मग माझे पाय, मग विराज.

“तू शब्द दिला होतास.”

“आई, मी आत होतो,” विराज म्हणाला. “ही मागच्या मागं गेली आणि...”

“त्याला नका विचारू,” मी म्हणाले. “मी गेले. पोटरीपर्यंत गेले. अर्धा तास गार मातीत उभी होते.” मग मला थांबताच येईना. कान बांध, मोजे घाल, दही नको, केळं नको, खिडकी लाव, केस रोज धुवू नको. दोन महिने मी ‘हो आई’ म्हणत आले होते. एकदा तरी मला कुणी विचारलं का, तुला काय वाटतं? माझं अंग आहे की नगरपालिकेचा नळ, कुणी कधी सोडायचा ते तुम्ही ठरवणार? “आणि तिथली सुवर्णा तीन महिन्यांची बाळंतीण आहे. रोज उभी राहते चिखलात. तिचं नाही आटत दूध!”

जुई दचकली. सासूबाईंनी पाय हलवून तिला पुन्हा झोपवलं. मग जुईच्या टाळूकडे बघत म्हणाल्या, “माझं आटलं.”

मला आधी कळलंच नाही.

“विराजच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पौषच होता. पाहुणे गेले आणि पांघरलेल्या वाकळा तेवढ्या राहिल्या. बारा वाकळा. जाऊबाईंनी कंबर धरलीय म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मग धाकटी जाईल. विहिरीवर गेले. भिजलेली वाकळ किती जड असते, तुला माहीत नसेल. तिन्हीसांजेला घरी आले ती कापरं भरूनच. सात दिवस ताप. ताप उतरला तेव्हा छाती रिकामी.”

“मग विराजला...”

“मोठ्या काकींनी पाजलं. त्यांचा महेश आठ महिन्यांचा होता तेव्हा.” त्यांनी जुईचं दुपटं सारखं केलं. “उपकारच झाले. लेकरू जगलं. तेहतीस वर्षं झाली. एक कार्य सोडलं नाही त्यांनी.”

हेल्मेट हातात घेऊन विराज दारातच उभा होता. “आई, मला हे माहीत नव्हतं.”

“माहीत कशाला पाहिजे? हसायला तर येतंय ना त्यांच्याबरोबर.”

त्याचं तोंड उतरलं. माझंही उतरलं असणार, पण मी रागातच होते अजून. “आई, पाण्यानं नसेल आटलं. तापानं आटलं असेल.”

“ताप असेल, पाणी असेल. मला कुठं कुणी डॉक्टर दाखवला?”

“मग मला हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कधी?” आता त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “मोजे दिले तेव्हा हसलीस. बहिणीला फोनवर सांगत होतीस, आमच्याकडं हिमालय आहे म्हणून. ऐकलं मी. पंधरा दिवस विणत होते ते.”

मी पर्सवर हात ठेवला; मोजे आतच होते. राग होताच. तो कुठं ठेवायचा ते कळेना.

तेवढ्यात जुई उठली आणि भुकेनं तोंड वेडंवाकडं करू लागली. मी तिथंच, त्यांच्या शेजारी, चिखलाच्या पायांची मांडी घालून बसले आणि तिला घेतलं. सकाळपासून भरून आलेलं होतं. पहिल्याच घोटाला जुईला ठसका लागला, दूध तिच्या नाकातोंडावर उडालं. सासूबाईंनी पटकन तिच्या टाळूवर फुंकर घातली, पदरानं तिचं तोंड पुसलं. मग नुसत्या बघत राहिल्या, पोर कसं घटाघटा गिळतंय ते.

विराज फडकं घेऊन फरशी पुसायला वाकला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “ओलं फडकं फिरवलंस तर पसरेल. वाळलं की झाडता येईल.”

पंधरा दिवसांनी जुईचं बोरन्हाण होतं. पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने घातलेल्या तिला मांडीवर घेऊन मी पाटावर बसले होते, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडत होते आणि ती ते सगळं तोंडात घालायला बघत होती. घरभर बायका. विराज एका कोपऱ्यात फोटो काढत होता. आणि मधे, सगळ्यांत मोठ्या खुर्चीवर, मोठ्या काकी.

“पोरगी बापावर गेलीय,” कुणीतरी म्हणालं. “दांडगी आहे.”

“दांडगी असणारच!” काकींनी संधी सोडली नाही. “तिचा बाप कुणाच्या दुधावर पोसलाय, विचारा की!”

बायका हसल्या. विराज पाया पडायला पुढे येईल म्हणून काकींनी धपाट्यासाठी हातसुद्धा उचलला. तो आला नाही. मोबाइल खाली करून त्यानं माझ्याकडे बघितलं. सासूबाई चुरमुऱ्यांची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या. दर वेळी याच ठिकाणी त्या कशासाठी तरी आत जायच्या, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

“काकी,” मी म्हणाले. आवाज शांत होता, मलाच नवल वाटलं. “त्या पौषात बारा वाकळा कुणी धुतल्या हो?”

“कसल्या वाकळा?”

“विराजच्या बारशाच्या. पाहुणे गेल्यावरच्या. तुमची कंबर धरली होती तेव्हाच्या.”

काकींचा उचललेला हात हळूहळू खाली आला आणि मांडीवर पडला. त्या हसल्या, मग थांबल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जुईनं हलव्याचा मुकुट ओढून खाली पाडला, तेवढाच आवाज झाला.

सासूबाई दारातून बाहेर आल्या. परात खाली ठेवली, तिळगुळाचा डबा उचलला आणि आधी काकींच्या समोर गेल्या. एक वडी त्यांच्या हातावर ठेवली.

“तिळगूळ घ्या, जाऊबाई,” म्हणाल्या.

पुढचं वाक्य त्या म्हणाल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या. काकींनी वडी घेतली, मान खाली घालून खाल्ली. त्यानंतर आजपर्यंत तो विनोद आमच्या घरात कुणी ऐकलेला नाही. जुई आता नऊ वर्षांची आहे, तिला तो माहीतही नाही.

स्टुडिओतून महिन्याभरानं फोन आला होता. सरांचं भांडं भट्टीत तडकलं, मातीत खडा राहिला असेल. ती माती मी तुडवलेली नव्हती, एवढं मी लगेच सांगून टाकलं.

पण मला आठवते ती बोरन्हाणाचीच संध्याकाळ. बायका गेल्या होत्या. मी झाडू घेऊन चुरमुरे गोळा करत होते, अनवाणी. फरशी गार पडायला लागली होती. सासूबाई आतून आल्या, त्यांच्या हातात ते मोहरीच्या रंगाचे मोजे होते. मी पर्समध्ये कोंबले होते तेच, धुतलेले, घडी केलेले. नेहमीसारखे माझ्यापुढे टाकतील म्हणून मी थांबले. त्यांनी ते टाकले नाहीत. हातात धरून उभ्या राहिल्या.

“घालतेस का गं?” त्यांनी विचारलं.

मी झाडू भिंतीला लावला, पाटावर बसले आणि पाय पुढे केले.